ऑईल कूलर घेण्याआधी तेलाचं तापमान तर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पोर्ट्स कार नटवण्यावर आलेला लेख वाचला. चाकं, सायलेन्सर, मागचा पंख (स्पॉयलर) याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याची गाडी, त्याची हौस. पण ऑईल कूलरचा, म्हणजे इंजिनाचं तेल गार करणाऱ्या छोट्या रेडिएटरचा, विषय त्यात चार ओळींत उरकलाय: मिळेल तेवढा मोठा घ्या, रेडिएटरच्या पुढे बसवा, इंजिनाची काळजी मिटली. लेख आल्यापासून त्याचा फोटो मोबाईलवर दाखवत पोरं माझ्या दुकानात यायला लागलीत, म्हणून हे पत्र.

उद्यमबागेत माझं हायड्रॉलिक होजचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता मी बघते. जेसीबी, उसाच्या ट्रॉल्या, फाउंड्रीतले प्रेस हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. 'अक्का, लगू माडि कोड्री' (ताई, पटकन करून द्या) म्हणत ड्रायव्हर दारात उभा असतो आणि त्याचं मशीन शेतात अडकलेलं असतं. गेल्या काही वर्षांत त्यात भर पडली ती गाडीवेड्या मंडळींची. बेळगावची तर आहेतच, कोल्हापूर आणि गोव्याकडचीही येतात. कूलरच्या पायपांना जी फिटिंगं लागतात ती 37 अंशांच्या तोंडाची असतात. आमच्या हायड्रॉलिकमधल्या जेआयसी फिटिंगचं तोंडही त्याच कोनाचं. म्हणून ही मंडळी माझ्याकडे. मी इंजिन उघडत नाही, पण कूलर बसवलेल्या गाड्या कशा येतात आणि काही महिन्यांनी कशा परत येतात, हे मला काउंटरवरून चांगलं दिसतं.

लेखात एक प्रश्नच विचारलेला नाही: तुमच्या गाडीचं तेल तापतं किती? डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा असतो, तेलाचा नव्हे. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी पाच-दहा अंश वर गेलं तरी काटा ढिम्म हलत नाही, म्हणजे मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करत नाही. तेलाचा हिशेब निराळा. बेअरिंगांमध्ये ते चेपलं जातं, तापलेल्या पिस्टनच्या पोटावर त्याचा फवारा मारला जातो, टर्बो असेल तर त्याच्या दांड्याभोवतीही तेच फिरतं. पाण्याला रेडिएटर आणि पंखा आहे. तेलाला अनेक गाड्यांत नुसतं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, आणि त्याला लागणारा वारा. त्यामुळे पाणी 90 वर शांत असताना तेल 130 ला पोचलेलं असू शकतं.

तापमान बघायला दर वेळी पैसे लागतातच असं नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत ते डॅशवरच्या मेनूत दडलेलं असतं, फक्त बटण दाबून तिथवर जायचं. इतर काही गाड्यांत ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या, सॉकेटला छोटा डबा लावला की मोबाईलवर येतं. मात्र काही कंपन्यांचा हा आकडा सेन्सरचा नसून गणिताने काढलेला अंदाज असतो. तसं असेल तर चेंबरच्या बोल्टमध्ये किंवा फिल्टरखालच्या प्लेटमध्ये सेन्सर बसवून घ्यावा. कूलरमधून तेल परत येतं त्या पायपीत सेन्सर लावणारे महाभागही भेटलेत. तिथे आकडा कायम गोड दिसणार, कारण इंजिनातून किती तापून निघतं ते कळतच नाही.

आता आकडे. तेल 90 ते 110 सेल्सियसमध्ये असलं की बहुतेक इंजिनं सुखात असतात. चांगलं सिंथेटिक 120 ला कुरकुरत नाही, थोडा वेळ 130 ही सोसतं. त्याच्या पुढे बराच वेळ राहिलं तर मात्र विचार करायला हवा. साधारण हिशेब असा की तापमान दर 10 अंशांनी चढलं की तेल दुप्पट वेगाने खराब होतं. शिवाय ते पातळ होतं ते वेगळंच. डब्यावर 30 लिहिलेलं तेल 100 अंशांना 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकच्या (हे घट्टपणाचं माप) मध्ये असावं लागतं, 40 चं 12.5 ते 16.3 मध्ये. हेच 30 चं तेल 130 ला गेलं की त्याचा घट्टपणा जवळपास निम्म्यावर येतो, आणि बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून वेगळं ठेवणारा थर तेवढाच असतो.

एका गिऱ्हाइकाची लाल कूपे आहे, दोन लिटर टर्बो. सेन्सर त्याने माझ्याच दुकानासमोर बसवला. आपल्या लोकांचा घाट परतीच्या वाटेवर चढणीचा, हे लक्षात घ्या. जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याला उतरताना इंजिन आरामात असतं, खरा कस केरीपासून चोर्ल्यापर्यंत वर येताना लागतो. आंबोलीचंही तेच, दाणोलीपासून चढ. तर मे महिन्यात, एसी चालू, दोघं माणसं आणि काजूच्या पिशव्या घेऊन तो केरीहून वर आला, तेव्हा आकडा 110 च्या आगेमागे राहिला. हायवेला निपाणीकडे जाताना त्याहूनही कमी. मग त्याने तीच गाडी कोईमतूरला करी स्पीडवेवर नेली. छोटा, जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक, म्हणजे सारखा ब्रेक आणि सारखा ॲक्सिलरेटर. काही चकरांतच 130 ओलांडून वर. घाटात त्याला कूलरची गरज नव्हती, ट्रॅकवर होती. आधी मोजलं म्हणून कळलं. कूलर आधी लावला असता तर घाटात तोच आकडा बघून 'बघा, कूलरचा फायदा' म्हणत बसला असता.

निसानच्या 370 झेडचा किस्सा या मंडळींत सगळ्यांना पाठ असतो. ही गाडी भारतातही विकली गेली. डॅशवर तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा होता, आणि ट्रॅकवर तेल फार तापलं की इंजिन स्वतःच ताकद कमी करून घ्यायचं. पुढे कंपनीने काही मॉडेलना कारखान्यातूनच कूलर दिला. म्हणजे गरज असते, नाही असं मी म्हणत नाही. पण ती ट्रॅकवर, टर्बोची ताकद वाढवलेल्या गाडीत किंवा हिल क्लाइंबच्या, म्हणजे चढाच्या, शर्यतीत. टिळकवाडी ते कॅम्प आणि शनिवारी गोवा एवढ्याच वाटेवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांना नाही. तिथे वेळेवर तेल बदलणं आणि कंपनीच्या पुस्तकात परवानगी असेल तर 30 ऐवजी 40 चं तेल घालणं हे कूलरच्या दहाव्या हिश्श्यात होतं.

गरज नसताना लावला तर नुसते पैसे जातात असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे स्वेटर लागतो. इंजिन पेटलं की पाणी लवकर तापतं, तेल रेंगाळतं. त्यात पुढे 25 ओळींचा (एकावर एक 25 पट्ट्यांचा) मोठा कूलर गार वाऱ्यात टांगला तर शहरातल्या फेरीत तेल 70 च्या वर जातच नाही. इंजिनात तयार होणारं पाणी आणि खाली झिरपणारं पेट्रोल उडून जायला तेल नीट तापावं लागतं. नाही तापलं तर ते तेलातच साठतं. ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळसर सायीसारखं दिसायला लागतं आणि मग मेकॅनिक हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन खोलायला निघतो.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कूलर घ्यायचा तर थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट घ्यायचीच. ती ऑईल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसते. तेल गार असताना त्याला जवळच्या वाटेने परत पाठवते, 80-85 अंशांच्या सुमाराला कूलरची वाट उघडते. बंद असतानाही चांगली प्लेट थोडं तेल कूलरकडे सोडत राहते. तो दोष नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे पायपा भरलेल्या राहतात आणि वाट उघडल्यावर थंड तेलाचा गठ्ठा एकदम इंजिनात येत नाही. प्लेट घेताना फिल्टरचे आटे बघा. 20 एमएम दीड पिच आणि पाऊण इंची 16 आट्यांचं यूएनएफ हे हातात घेतल्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. एक-दोन फेरे फिरतं म्हणून पान्याने दामटलं की इंजिनाकडचे आटे गेले.

प्रकार कुठला, हा पुढचा प्रश्न. एक कूलर पाण्यावर चालतो: फिल्टरपाशी छोटा डबा, त्यात एका बाजूने रेडिएटरचं पाणी, दुसऱ्या बाजूने तेल. कंपन्या हाच जास्त देतात, कारण सकाळी तो उलट तेलाला लवकर तापवतो आणि पुढे वाऱ्याची जागा लागत नाही. पण ट्रॅकवर तेलाची सगळी उष्णता तो पाण्यात ओततो, मग रेडिएटरही तेवढा तगडा हवा. दुसरा वाऱ्यावरचा. त्यात नळी आणि पंखवाला स्वस्त असतो, पातळ पट्ट्या एकावर एक रचलेला महाग पण कमी जागेत जास्त काम करणारा. स्वीडनची सेट्रॅब आणि इंग्लंडची मोकल ही नावं या मंडळींच्या तोंडी असतात. दोन लिटरच्या आसपासच्या इंजिनाला 235 मिलिमीटर रुंदीचा 16 किंवा 19 ओळींचा पुष्कळ झाला. मोठ्या व्ही-8 ला 25 किंवा पुढे. ओळी दुप्पट केल्या म्हणून गारवा दुप्पट होत नाही, वारा किती जातो त्यावर सगळं आहे. बसवण्याआधी आणि नंतर, तेल नीट तापलेलं असताना, आयडलला आणि इंजिनाच्या चढत्या फेऱ्यांवर (आरपीएम) ऑईल प्रेशर लिहून ठेवा. फार पडलं तर कूलर, प्लेट किंवा पाईप यांपैकी काहीतरी अरुंद आहे.

भंगारातून आणलेला कूलर मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. इंजिन बसलेल्या गाडीचा असेल तर बेअरिंगचा चुरा त्या पट्ट्यांमध्ये अडकलेला असतो आणि तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तुमच्या गाडीत लावल्यावर पहिल्या दिवशी निघतो. तुमचंच इंजिन बसलं असेल तर जुना कूलर टाकून द्यायचा, जीव वर-खाली झाला तरी.

जागेबद्दल. रेडिएटरच्या अगदी पुढे लावला तर तापलेला वारा रेडिएटरला मिळतो, म्हणजे एकाचा ताप काढून दुसऱ्याला दिला. बंपरच्या एका बाजूला, चाकापुढे, स्वतःच्या हवेच्या वाटेसह लावता आला तर उत्तम. हवा आत घेण्यापेक्षा मागून बाहेर काढण्याकडे लक्ष द्या. मागे वाट नसेल तर पुढचं भोक कितीही मोठं असून उपयोग नाही. कडेने फोम लावून फटी बुजवा, नाहीतर वारा कूलरला वळसा घालून जातो. रबराच्या बुशवर बसवा. पुढे जाळी हवीच, आणि ती का ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गळीत हंगामात संकेश्वर, चिकोडीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागून एकदा जाऊन आलेला कूलर माझ्या काउंटरवर आला होता. पंखांच्या फटीफटीत पाचटाचे तुकडे, वर तेलाचा हलका थर, त्यावर धूळ, असा तो सारवल्यासारखा बंद झाला होता. मालकाची तक्रार काय, तर कूलर नकली आहे! मागच्या बाजूने साध्या नळाच्या पाण्याने धुतल्यावर तो बरा झाला. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने मारलं असतं तर पंख आडवे झाले असते. चोर्ल्याचा पावसाळी लाल चिखलही असाच सुकून बसतो.

कूलरची तोंडं वर ठेवा, नाहीतर बाजूला. खाली ठेवली तर वर हवा अडकून राहते आणि अर्धा कूलर नुसता शोभेचा होतो. आपल्या लेखासोबतच्या फोटोत तोंडं खालीच आहेत, लेखकाने एकदा बघावं.

आता माझ्या धंद्यातलं, म्हणजे होज. इथे जरा जास्त लिहिते, कारण कूलर फुटून गाडी थांबलेली मी क्वचित पाहिली, होज गेल्यामुळे पुष्कळ. पोरं मागतात 10 नंबरची पाईप. तो नंबर इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, 10 म्हणजे पाच अष्टमांश इंच, आमच्या भाषेत पाच सुती. एवढी बहुतेक गाड्यांना बरोबर. पाच सुती हायड्रॉलिक होज माझ्याकडे भिंतीला गुंडाळून टांगलेली असते, तारेची एक जाळी असलेली, सव्वाशे बारच्या वर दाब सोसणारी. ती बघून पोरांचा प्रश्न ठरलेला: इंजिनात पाच-सात बार दाब, मग हीच लावून द्या की! दाबाला ती पुरेशी आहेच. तापमानाला नाही. या साध्या आर1 जातीच्या होजची मर्यादा 100 सेल्सियस आहे, होजवरच छापलेली नसली तरी कंपनीच्या तक्त्यात असते. पॉवर पॅकचं तेल 60 च्या आत ठेवायचं असतं, त्यासाठी ती बनलीय. तुम्ही कूलर लावताय तेच तेल सव्वाशेला जातंय म्हणून, आणि त्याला शंभराची पाईप जोडताय.

अशी एक पाईप, दुसरीकडे बनवलेली, बदलायला आली तेव्हा मी ती सुरीने उभी चिरली. आतलं रबर नखाने दाबलं तर दबेना. वाकवलं तर आडव्या भेगा उघडल्या आणि बोटाला काळी भुकटी लागली. ही भुकटी परतीच्या पायपीतून कुठे जाणार होती? आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेली आर14 जातीची होज घ्या, ती 200 च्या वर सोसते. महाग आहे, जास्त वाकवली तर चेमटते, म्हणून वळणाला 45 किंवा 90 अंशांची फिटिंगं लावायची. जेआयसीचं तोंड जुळतं, पण पितळी-पोलादी मिसळ करताना ॲल्युमिनियमच्या कूलरवर दोन पाने धरा, एक कूलरच्या मानेला, एक नटाला. एकाच पान्याने पिळलं की मान फिरते. आणि जुबली क्लिप लावून साधी रबरी पाईप बसवलेली गाडी घेऊन कृपया माझ्याकडे 'जरा घट्ट करून द्या' म्हणत येऊ नका. क्लिपने घट्ट होत नाही, क्रिम्पच करावं लागतं, म्हणजे यंत्राने फिटिंग होजवर दाबून बसवावं लागतं, आणि क्रिम्प केल्यावर बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून तक्त्याशी ताडावा लागतो. वरची स्टीलची जाळी करवतीसारखी असते. एसीच्या पायपीला घासली तर ती कापते, वायरिंगला घासली तर वायरिंग. इंजिन हलतं, कूलर हलत नाही, तेवढी ढील ठेवायची. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब न्यायची, आणि जॅक लावायच्या जागेवरून तर नकोच.

कूलर आणि पायपांत अर्धा-पाऊण लिटर किंवा जास्तही तेल मावतं. ते भरल्यावर गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवून, थांबवून, पुन्हा डिपस्टिक बघायची. पहिल्या फेरीनंतर हात पुसून प्रत्येक जोडाखाली बोट फिरवायचं.

आणि एवढं करूनही घाटात होज सुटली, तर ऑईलचा लाल दिवा दिसताच त्या क्षणी इंजिन बंद करा. कडेला नीट लागू दे म्हणून दोन वळणं आणखी चालवली तर बेअरिंगं गेलीच, शिवाय चार-पाच लिटर तेल वळणावर पसरतं. चोर्ल्यात अशा तेलावरून घसरून दुचाकीवरचं एक जोडपं पडलेलं माझ्या दुकानातल्या मुलाने पाहिलंय. मागच्या वळणावर उभं राहून गाड्या थांबवा, रस्त्याकडेची सुकी माती तेलावर टाका, पावसात माती थांबत नसेल तर 112 ला फोन करा, आणि कुणीतरी येईपर्यंत तिथून हलू नका.

आपली वाचक,
उद्यमबाग, बेळगाव